क गटाची वरात

आमचे हे सरकारी कचेरीतून साहेब म्हणून निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या हाताखाली माझ्याशिवाय कुणी उरलं नाही. आणि मी काही कुणाच्या हाताखाली राहणाऱ्यातली नव्हे, हे त्यांना लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात कळून चुकलं होतं. मग जयवंतरावांनी काय करावं? त्यांनी डोंगर हाताखाली घेतला.

ही सुरुवात नव्व्याण्णव सालची. बोळिंजमध्ये आमची सोसायटी तशी नवीच होती. गच्चीवर गेलं की पूर्वेला तुंगारेश्वरची रांग दिसायची. यांनी सोसायटीतली माणसं आणि कचेरीतले जुने सहकारी गोळा करून एक मंडळ काढलं. दर सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की बसने पायथ्याशी जायचं आणि जंगलातून माथ्यावरच्या पठारावर चढायचं. कल्पना चांगली होती, खोटं कशाला बोलू? कुणालाही येता यावं म्हणून यांनी तीन वाटा आखल्या आणि दगडांवर रंगाने बाण काढले. तांबडे बाण अ गटाचे, थेट घळीतून वर चढणारे. पिवळे बाण ब गटाचे, झाडीतून वळसे घेत जाणारे. आणि पांढरे बाण क गटाचे. पांढरे बाण पायथ्यापासून निघायचे आणि पहिल्या ओढ्यापाशी संपायचे. पुढे आमच्यासाठी बाण नव्हते, सतरंजी होती.

माझं नाव पहिल्या वर्षापासून क गटात. माझे गुडघे कुरकुरतात, आणि वजनाबद्दल मी इथे काही सांगणार नाही. आमच्यात अश्लेषा होती, शाळेत शिकवणारी, लहानपणच्या पोलिओमुळे एका पायात पट्टा घालून चालणारी. प्लासिडमास्तर होते, यांच्याच कचेरीतले जुने कारकून, जवळच्या वटार गावचे. नोकरी सांभाळून त्यांनी जन्मभर लग्नांच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवला, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. आता त्यांचं कमरेचं दुखणं होतं. आणि त्यांची थोरली बहीण मार्थामावशी, सत्तरी ओलांडलेली. आणखी चारपाच जण होते, कुणाला दमा, कुणाला रक्तदाब.

ओढ्याकाठी आम्ही संत्री सोलायचो, गाणी म्हणायचो आणि वाट बघायचो. दुपार कलली की अ गट खाली यायचा. यांच्या तोंडी दरवर्षी एकच वाक्य, ‘‘काय ते दृश्य! तुम्ही बघायला हवं होतं!’’ अरे, बघायला हवं होतं तर न्यायचं होतंत! मी तोंडातली संत्र्याची बी जरा जोरातच थुंकायचे.

मार्थामावशी मात्र कधी रागावायची नाही. ती फक्त वर बघायची. एकदा मला म्हणाली, ‘‘बाय, लहानपणापासून वाडीत पाणी लावताना मी हा डोंगर बघते. थंडीत सूर्य रोज ह्याच्यामागून वर येतो. मरायच्या आधी एकदा जाऊन बघायचं हाय, तो येतो कुठून.’’

एवढंच तिचं मागणं. पण मागच्या साली आमच्यातल्या एका गृहस्थांचा पाय ओढ्यातच मुरगळला, त्यांना उचलायला अ गटाला अर्ध्यातून परत यावं लागलं आणि साहेबांचा हिरमोड झाला. यंदा जानेवारीच्या सुरुवातीला आमच्याच घरी मंडळाची बैठक भरली. मी आत कांदेपोहे परतत होते. बाहेरून यांचा आवाज आला, ‘‘सुरक्षेच्या दृष्टीने या वर्षीपासून क गट बंद करावा, असं मला वाटतं.’’

मी उलथनं हातात घेऊनच बाहेर आले. ‘‘पोहे करायला क गट चालतो, डोंगरावर तेवढा नको?’’

कुणीतरी हसलं. हे हसले नाहीत. चारचौघांत बायकोने टोकलं की यांची मान ताठ होते. म्हणाले, ‘‘मनोरमा, भावनेचा प्रश्न नाही हा. क गट ओढ्यापलीकडे जाऊच शकत नाही.’’

‘‘आणि गेला तर?’’

‘‘गेला तर? यंदा क गट, सगळाच्या सगळा, माथ्यावर येऊन आमच्याबरोबर जेवला, तर क गट कायम राहील. एक जरी माणूस मागे राहिला तर विषय संपला.’’

‘‘घोडामैदान जवळच आहे,’’ मी म्हणाले आणि आत गेले. पोहे खाली लागले होते. तेच वाढले सगळ्यांना.

रात्री मात्र पोह्यांची करपलेली कढई घासता घासता मनात आलं, तोंडाने डोंगर चढणं सोपं असतं. मी हरले तर माझं काय, मी आणखी चार गोष्टींत यांच्याशी भांडून ते भरून काढलं असतं. पण मार्थामावशीचं काय? तिला पुढच्या वर्षी कोण नेणार होतं?

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून वटारला गेले. मार्थामावशी वाडीत केळीची सुकलेली पानं काढत होती आणि मास्तर विहिरीच्या कठड्यावर बसून तिला सूचना देत होते. मी सगळं सांगितलं. मार्थामावशीने हातातला कोयता खाली ठेवला. ‘‘मी नाय येत मग,’’ ती म्हणाली. ‘‘माझ्यापायी तुमचं जाईल सगळ्यांचं.’’

‘‘तू गप,’’ मास्तर म्हणाले. मग मला म्हणाले, ‘‘वहिनी, आपण दमतो का, सांगा बरं?’’

‘‘म्हातारे झालो म्हणून.’’

‘‘नाही. मागे चालतो म्हणून. पुढचे भराभर जातात, झाडाखाली बसतात, पाणी पितात. आपण धापा टाकत पोचतो, तेव्हा ते उठतात आणि म्हणतात, चला. त्यांची विश्रांती झालेली असते. आपली कधी होतच नाही.’’

माझ्या डोळ्यांपुढे आमचं अख्खं वैवाहिक आयुष्य उभं राहिलं. पण मास्तरांचं बोलणं संपलं नव्हतं.

‘‘आमच्या घराण्यात लग्नाची वरात चर्चकडे निघते ना, तेव्हा बँडच्या मागे पहिली कोण चालते ठाऊक आहे? घरातली सगळ्यांत म्हातारी बाई. नवरानवरीसुद्धा तिच्या मागे. तिच्यापुढे कुणी जायचं नाही, अगदी पाद्री आले तरी. ती थांबली की वरात थांबते, ती निघाली की बँड वाजतो. चाळीस वर्षं मी त्या वरातींपुढे वाजवलं. उन्हातान्हात, नव्वदीच्या म्हाताऱ्या घेऊन. एकही बाई वाटेत बसलेली मी बघितली नाही.’’

मार्थामावशी त्यांच्याकडे बघत राहिली. दोघं आपल्या घरच्या बोलीत काहीतरी भराभर बोलली. मला त्यातलं निम्मंच कळलं, पण शेवटी मावशी लाजली एवढं दिसलं. मग तिने कोयता उचलला आणि मला सांगितलं, ‘‘मी पुढं चालन. पन चपला नाय घालायची, अनवानीच येन.’’

‘‘चालेल,’’ मी म्हणाले. यांच्या नियमावलीत बूट सक्तीचे होते. ती नियमावली माझ्या धान्याच्या डब्याखाली कागद म्हणून घातलेली होती.

सव्वीस तारखेला बसमधून उतरल्यावर यांनी मास्तरांच्या खांद्यावरची ट्रंपेटची पेटी पाहिली. ‘‘प्लासिड, ही पिपाणी कशाला?’’

‘‘वरातीला, साहेब.’’

‘‘काढा, काढा वरात,’’ हे हसत म्हणाले आणि अ गटाला घेऊन घळीच्या दिशेने निघाले. त्यांच्याबरोबर विघ्नेश होता, आमच्या खालच्या मजल्यावरचा, नव्या कोऱ्या बुटांतला. तांबडे बाण बघायचीसुद्धा गरज नाही, वाट पाठ आहे, असं हे त्याला सांगत होते. ते मी माझ्या कानांनी ऐकलं आणि लक्षात ठेवलं.

ओढ्यापाशी ब गटाने आधी पोटोबा करायचं ठरवलं. डबे उघडले, इडल्या निघाल्या. त्यांची पुढारी क्षितिजा आम्हाला म्हणाली, ‘‘काकू, बसा ना, सतरंजी आणलीय.’’ मी त्या सतरंजीकडे बघितलंसुद्धा नाही. मार्थामावशीने लुगड्याचा काष्टा नीट खोचला, छातीवर क्रूस केला आणि ओढ्यात पाय घातला. तिच्यामागे अश्लेषा, मग मास्तर, मग मी, मग बाकीचे. पलीकडच्या काठावर पहिला पिवळा बाण होता. इतकी वर्षं तो मी अलीकडून बघत आले होते. जवळून बघितला तर त्याचा रंग अगदी हळदीसारखा होता.

मार्थामावशी हळू चालायची. इतकी हळू, की सुरुवातीला मला तिला मागून ढकलावंसं वाटलं. माझा स्वभावच तसा. पण तिची चाल एकसारखी होती. चढ आला तरी तीच, सपाटी आली तरी तीच. सागाच्या वाळक्या पानांवर तिचे अनवाणी पाय पडत होते आणि आमचे पाय आपसूक त्याच तालात पडायला लागले. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की मी बोलते आहे. चढ चढताना बोलते आहे! अश्लेषाला मी माझ्या भाचीच्या सासूबद्दल सांगत होते, आणि दम न लागता सांगत होते.

ती थांबली की सगळे थांबत. ती दगडावर टेकली की सगळे टेकत. तिचं पाणी पिऊन झालं की मास्तर ट्रंपेट काढून दोन ओळी वाजवायचे आणि आम्ही उठायचो. पहिल्यांदा वाजला तेव्हा ऐनाच्या झाडावरची माकडं आम्हाला शिव्या देत पळाली. पाखरंही गप्प झाली असतील. त्यांची मी मनातल्या मनात माफी मागितली. वर्षातून एकदाच, बाबांनो.

अर्ध्या वाटेवर मागून गलका आला. ब गट. इडल्या पचवून पोरं तरातरा वर येत होती. वाट अरुंद, दोन्ही बाजूंना करवंदीच्या जाळ्या. क्षितिजा म्हणाली, ‘‘मास्तर, जरा बाजूला व्हाल का? आम्ही पुढे जातो.’’

मास्तर वळले. ‘‘पोरी, वरातीत आजीच्या पुढे कुणी जात नाही.’’

‘‘अहो, पण हे ट्रेकिंग आहे.’’

‘‘आज वरात आहे,’’ मी म्हणाले, आणि वाटेच्या मधोमध उभी राहिले. मघाशी वजनाबद्दल बोलायचं नाही म्हटलं होतं, पण त्या क्षणी ते उपयोगी पडलं एवढं सांगते.

पोरं कुरकुरत मागे लागली. दोन वळणं झाल्यावर कुरकुर थांबली. तिसऱ्या वळणावर कुणीतरी गाणं सुरू केलं. आता आमची रांग चांगली लांबलचक झाली होती आणि सगळ्यांच्या पुढे ती एवढीशी लाल लुगड्यातली बाई.

आणि मग शेवटचा चढ आला. झाडी संपली होती, वर उघडा कातळ होता आणि ऊन थेट डोक्यावर आलं होतं. मार्थामावशी चढाकडे बघत उभी राहिली. मग खाली बसली. मास्तरांनी ट्रंपेट वाजवला. ती उठली नाही. त्यांनी पुन्हा वाजवला. तिने मान हलवली.

‘‘तुमी व्हा पुढं,’’ ती म्हणाली. तिच्या तोंडावर घाम होता आणि ओठ सुकले होते. ‘‘माझं झालं. एवढं बघितलं तेच पुष्कळ हाय. बाय, जा तू. तुझ्या मालकाला दाखव.’’

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माथा समोर होता. मी गेले असते तर पोचले असते, आणि यांच्या नाकावर टिच्चून उभी राहिले असते. पण एक माणूस मागे ठेवून. मला एकदम रडू आलं आणि मला रडू आलं की मी ओरडते, तशी ओरडले. ‘‘कोण जातंय पुढे? आम्हाला पुढे जायची सवय आहे का? तुमच्यामागे यायला आलोय आम्ही! बसा हवं तेवढं. जेवणवेळ टळू दे, अंधार पडू दे. मीही बसते.’’ आणि बसले. माझ्यामागे अख्खी रांग बसली, ब गटासकट.

क्षितिजाने आपली टोपी काढून मावशीच्या डोक्यावर घातली. अश्लेषाने संत्रं सोलून एकेक फोड तिच्या हातात दिली. ती हळूहळू खात राहिली.

मग मास्तर उठले आणि त्यांनी वेगळंच काहीतरी वाजवायला घेतलं. आतापर्यंतच्या त्या दोन ओळी नव्हत्या. संथ चाल होती, मधेच ठुमकणारी. एका जागी सूर घसरला, कारण दम मास्तरांनाही लागला होता. पण मार्थामावशीने मान वर केली आणि तिच्या सुरकुतलेल्या तोंडावर जे हसू आलं ते मी विसरणार नाही.

‘‘ही माझ्या लग्नाची हाय,’’ ती मला म्हणाली. ‘‘हा नवीनच शिकला होता. तवा पण इथंच चुकला होता.’’

आणि ती उठली. कुणी हात दिला नाही, कुणी ढकललं नाही. काष्टा खोचला आणि कातळावर पहिलं पाऊल ठेवलं. मास्तर वाजवत राहिले. मागची पोरं टाळ्यांनी ताल धरायला लागली, आमच्या रक्तदाबवाल्या काकांनी नको नको म्हणत शिटी मारली, आणि आमची वरात त्या उघड्या कातळावरून, भर उन्हात, वाजतगाजत माथ्यावर चढली.

पठारावर वाऱ्याशिवाय कुणीच नव्हतं.

‘‘अ गट कुठाय?’’ क्षितिजाने विचारलं. आम्ही इकडेतिकडे बघितलं. हाका मारल्या. खूप वेळाने डाव्या अंगाला डोंगराच्या दुसऱ्याच सोंडेखालून बारीक आवाज आला. ‘‘ओ... कोण आहे तिकडे? वाट कुठून आहे?’’

तो आवाज मी कुठेही ओळखला असता. पाठ असलेल्या वाटेने साहेब भलत्याच घळीत शिरले होते.

‘‘मास्तर,’’ मी म्हणाले, ‘‘वाजवा पिपाणी.’’

मास्तर वाजवत राहिले आणि त्या आवाजाच्या रोखाने अ गट एकदाचा वर आला. अंगभर ओरखडे, केसांत काटक्या, विघ्नेशच्या नव्या बुटाचा तळ लोंबत होता. आमचे हे सगळ्यांत शेवटी आले, लंगडत. दगडावर गुडघा आपटला होता. त्यांनी आधी मला बघितलं, मग रांगेत बसलेला क गट मोजला. सगळे होते.

मी काय काय बोलायचं ठरवून ठेवलं होतं! पण तोंडातून निघालं ते एवढंच, ‘‘या. पानं मांडलीत.’’

त्यांनी खाली बघितलं. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, ‘‘मने, मला वाटलं होतं तुझ्याने नाही व्हायचं.’’

‘‘ठाऊक आहे,’’ मी म्हणाले. ‘‘काय ते दृश्य, नाही का?’’ आणि खरंच, काय ते दृश्य होतं! पश्चिमेला समुद्र चकाकत होता, अलीकडे मिठागरं, आणि वटारच्या बाजूला हिरव्या वाड्यांचा पट्टा. मला आनंद झाला होता, इतका की गुडघे कुणा दुसऱ्याचेच वाटत होते.

मार्थामावशी मात्र समुद्राकडे पाठ करून उभी होती. ती पूर्वेला बघत होती, जिथे दरीपलीकडे आणखी एक डोंगररांग निळसर दिसत होती.

‘‘मिळाला का सूर्य?’’ मी जवळ जाऊन विचारलं.

‘‘तो इथून येतच नाय ग, बाय,’’ ती म्हणाली, आणि मला वाटलं आता हिचा जीव खट्टू होणार. पण तिचे डोळे चमकत होते. ‘‘तो त्या पल्याडच्या डोंगरामागून येतो. पुढच्या साली तिकडं जायचं का?’’

जेवण झालं. गोड म्हणून मावशीने वाडीतली केळी वाटली. अ गटाला दोन दोन दिली, भुकेले होते बिचारे. निघायची वेळ झाली तेव्हा हे सवयीने उठले, काठी टेकत आणि गुडघा धरत, आणि सगळे रांगेत लागायची वाट बघू लागले. मग आज वरात आहे हे त्यांना आठवलं असावं. त्यांनी मास्तरांना विचारलं, ‘‘प्लासिड, उतरताना पुढे कोण असतं?’’

मास्तरांनी रांगेवरून नजर फिरवली. मार्थामावशी उतारावर आता पोरीसारखी चालणार होती. अश्लेषा पट्टा आवळून तयार होती. त्यांची नजर यांच्या गुडघ्यावर येऊन थांबली.

‘‘साहेब,’’ ते अदबीने म्हणाले, ‘‘आज तुम्हीच पुढे चला.’’

यांची मान ताठ झाली. चेहरा उजळला. कचेरीत असताना चालायचे तसे ते रांगेच्या टोकाला जाऊन उभे राहिले आणि लंगडत लंगडत उतरायला लागले, एकेक पाऊल जपून. त्यांच्यामागे अ, ब, क, सगळी वरात त्यांच्याच पावलाने निघाली. कुणी त्यांच्यापुढे गेलं नाही.

पुढे का घातलं, ते त्यांना ओढ्यापाशी पोचेपर्यंत कळलं नाही. मी त्यांच्या लगेच मागे होते. मीही सांगितलं नाही.